बंद इंजिन आणि हरभऱ्याचं रान

लहान विमानं उडवण्यात आणि उडवायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. लग्नात, एसटीत, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, कुठेही ओळख निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘वर गेल्यावर इंजिनच बंद पडलं तर ओ?’’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विमान दगडासारखं खाली येत असतं. तसं होत नाही. सेस्ना १५२ हे दोन माणसांचं, ११० अश्वशक्तीच्या इंजिनाचं शिकाऊ विमान. जमिनीपासून तीन हजार फुटांवर त्याचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने वेग साठ नॉटवर धरून ठेवला, तर वारा नसताना ते साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं. हातात चार-साडेचार मिनिटं असतात. पंखाही बहुतेक वेळा थांबत नाही, समोरच्या वाऱ्याने फिरत राहतो. शांतताही होत नाही. इंजिनाच्या आवाजाखाली दबलेला वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागतो, एवढंच.

त्या चार मिनिटांत माणूस वाचतो किंवा जातो, आणि ते इंजिनावर फारसं अवलंबून नसतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटायला वेळ लागला.

मी मोहोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. विमान शिकायला बाहेर पडलो तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, हा आता शेतीतून गेला. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात जन्मभर मी खिडकीतून रानंच बघत आलो. माझे पहिले प्रशिक्षक फार बोलायचे नाहीत. सगळं सुरळीत चाललेलं असताना ते अचानक थ्रॉटल मागे ओढायचे आणि विचारायचे, ‘‘तुझं रान कुठलं?’’ बोट दाखवायला पाच सेकंद. सहाव्या सेकंदाला दाखवलं तर ते मान हलवायचे आणि पुढचा पाऊण तास एक शब्दही काढायचे नाहीत. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा तोच प्रश्न मी विचारू लागलो. मुलं वैतागायची. काही मुलांनी तर माझं नावच ‘रानवाले सर’ ठेवलं होतं.

प्रश्न एवढा रोखठोक विचारायचं कारण आहे. इंजिन बंद पडलं की माणसाच्या मनात आधी एकच गोष्ट येते : असं होणं शक्य नाही. त्या अविश्वासात दहा-पंधरा सेकंद सहज जातात. हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो, नाक वर येतं आणि वेग झपाट्याने उतरतो. विमान धोकादायक होतं ते इथे. इंजिनाशिवाय विमान उडतं, वेगाशिवाय उडत नाही. म्हणून पहिलं काम नाक खाली करून वेग सांभाळणं. दुसरं काम रान ठरवणं. इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न तिसरा. हा क्रम डोक्यात बसायला वर्षं लागतात, कारण मन आधी तिसऱ्या कामाकडे धावतं.

बारामतीकडून सोलापूरला येताना विमानाला पाऊण तासाच्या आसपास लागतो. इंदापूर, उजनीचं धरण, मग मोहोळ, आणि समोर होटगी रस्त्याची धावपट्टी. विद्यार्थ्यांना हा मार्ग सोपा वाटतो. डोंगर नाही, जंगल नाही, सगळीकडे सपाट. ‘‘सर, इथे कुठेही उतरता येईल,’’ असं प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो. मग मी त्याला महिना विचारतो.

जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच उभी असते. वरून ती हिरवी गादी दिसते. त्या गादीखाली बोटाएवढी जाड ताटं आहेत. उभ्या ज्वारीत उतरायची वेळ आलीच तर कणसांच्या उंचीलाच जमीन समजायचं आणि तिथेच वेग संपवायचा. खालची माती शोधत बसलं की चाकं अडकून विमान पालथं होतं. उसाचा फड तर त्याहून फसवा. विमान आत गेल्यावर फड पुन्हा मिटतो, आणि दहा फूट उसात पडलेलं विमान शोधायला गावकऱ्यांनाही वेळ लागतो. शिवाय पाणी दिलेलं असेल तर चाकं रुततात. कासेगाव, नान्नजच्या बाजूला द्राक्षबागा. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा यांच्यात शिरलेल्या विमानाचं काय होतं ते मी सांगायची गरज नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं माळरान लांबून गालिच्यासारखं दिसतं आणि जवळ गेल्यावर मुरूम, दगड, घळी दिसायला लागतात.

एप्रिल-मेमध्ये रानं मोकळी असतात, म्हणून मुलं खूश. पण नांगरलेल्या रानातलं ढेकूळ वरून दिसत नाही. काळ्या मातीचं उन्हाने वाळलेलं ढेकूळ पुढचं चाक मोडायला पुरतं. कुळवून सपाट केलेलं रान रंगाने थोडं फिकट आणि एकसारखं दिसतं. हा फरक शेतकऱ्याच्या पोराला सांगावा लागत नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांना मी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर बसवून बांधावर न्यायचो आणि ढेकूळ हातात द्यायचो. नांगरटीत उतरावंच लागलं तर नांगराच्या तासांच्या दिशेने, आडवं कधीच नाही. त्यासाठी वारा थोडा बाजूने घ्यावा लागला तरी चालेल. पावसाळ्यात काळं रान म्हणजे चिखल, आणि पाणी ओसरल्यावर उजनीच्या काठाची जमीन हिरवी, सपाट, मोहक. तिथे वरती पीक आणि खाली गाळ.

फेब्रुवारी-मार्चमधला हरभरा मात्र मला मनापासून आवडतो. गुडघ्याच्याही खाली, ओळीत, आणि खालची माती वाळून घट्ट झालेली. करडईचं रानही वाईट नाही. तिथे विमानाचं काही बिघडत नाही, पण बाहेर पडून चालताना काटे पायाला चांगलेच समजतात.

पीक कळलं तरी रान पुरतं कळलेलं नसतं. वरून दिसणारा काळा गोल म्हणजे विहीर, आणि आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. निळा चौकोन म्हणजे शेततळं. विजेच्या तारा दिसतच नाहीत. म्हणून मी मुलांकडून पाठ करून घ्यायचो : विहीर तिथे मोटर, मोटर तिथे तार. विहीर दिसली की तिच्याकडे जाणारी खांबांची रांग शोधायची, खांब सापडले की तार आहे असं धरूनच चालायचं. वारा बघायला रेडिओ लागत नाही. पाचट पेटवलेल्या फडाचा धूर, ट्रॅक्टरमागची धूळ, तळ्यावरच्या लहरी पुरेशा असतात. रस्त्यावर उतरण्याची कल्पना सिनेमात बरी दिसते. पुणे-सोलापूर महामार्गाला दुभाजक आहे, उड्डाणपूल आहेत, आणि गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत. आपल्या जिवासाठी दुसऱ्याच्या जिवावर उतरायचं नाही, हेही तेव्हाच शिकवावं लागतं.

एकदा हे सगळं खरं करायची वेळ आली. फेब्रुवारी सरत आला होता. एका विद्यार्थ्याला घेऊन सोलापूरहून बारामतीकडे परत निघालो होतो. मोहोळ मागे पडल्यावर इंजिनात बारीक थरथर सुरू झाली. फेऱ्या उतरायला लागल्या. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी दांडी ओढली, फरक नाही. पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पुढे-मागे केलं, फरक नाही. प्लगना ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो एकेक करून पाहिले. पेट्रोल चालू होतं. मग एक मोठा ठोका बसला, सबंध पॅनेल हललं आणि ताकद गेली. त्या मुलाने कंट्रोल माझ्या हाती दिला आणि मान वळवून मागे बघितलं. ‘‘सर, सोलापूर...’’

सोलापूरची धावपट्टी तीस किलोमीटरहून जास्त मागे होती. आम्ही कसेबसे आठ किलोमीटर जाणार होतो. आकडे त्यालाही येत होते, पण मन आकडे मोजत नाही. ते शेवटची पाहिलेली डांबरी पट्टी धरून बसतं. मी त्याला म्हणालो, ‘‘सोलापूर विसर. उसाच्या डाव्या हाताला हरभरा आहे, बांधापर्यंत लांब. आता तेच आपलं सोलापूर.’’ त्याला रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश द्यायला लावलं, कारण हातांना काम असलं की डोकं ताळ्यावर राहतं. मग मिक्श्चर बंद, पेट्रोलचा कॉक बंद, मॅग्नेटो बंद. पट्टे आवळले. दारं किंचित उघडी करून ठेवली, म्हणजे आदळल्यावर चौकट वाकली तरी अडकून पडायला नको. रान नक्की हाताशी आलं तेव्हा फ्लॅप पूर्ण सोडले आणि शेवटी विजेचा मास्टर स्विच बंद केला.

चाकं टेकली तेव्हा पोटाखाली वाळलेल्या घाट्यांचा खडखडाट झाला. विमान हरभरा मोडत सरकलं, एका उंचवट्यावर पुढच्या चाकाची दांडी वाकली, नाक खाली बसलं आणि आम्ही बांधाच्या अलीकडे थांबलो. त्या मुलाला पट्ट्याचा हूक सुटेना, बोटं इतकी थरथरत होती. मी सोडवला. बाहेर आलो तर उसाच्या कडेने माणसं पळत येत होती. सगळ्यांत पुढच्याने धापा टाकत विचारलं, ‘‘मालक, लागलं बिगलं नाही ना?’’ मागून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आधी पाजलं त्या मुलाला, ‘‘घाबरू नको लेकरा’’ म्हणत. तेवढ्यात एकाने विमानाला टेकून बिडी काढली. मी इतक्या जोरात ओरडलो की तो बिडी टाकून दोन पावलं मागे पळाला. पंखांत पेट्रोल होतं.

रानाचे मालक शांत गृहस्थ. त्यांनी मोडलेल्या ओळी पाहिल्या, मग विमान पाहिलं. ‘‘हरभऱ्याचं जाऊ द्या ओ, पर ह्ये उचलून नेणार कसं?’’ विमानाने चार ओळी मोडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत आसपासच्या गावांतून आलेल्या बघ्यांनी निम्मं रान तुडवलं. मालक चिडले ते त्या गर्दीवर. पंचनामा झाला, नुकसानभरपाई मिळाली, दोन दिवसांनी पंख सोडवून विमान ट्रकवर चढलं. इंजिन उघडल्यावर समजलं, एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं होतं. वर असताना आम्ही काहीही केलं असतं तरी ते इंजिन चाललं नसतं.

त्या रात्री त्या मुलाने कागद काढला आणि विचारलं, ‘‘सर, सोलापूरकडे वळलो असतो तर?’’ मी म्हणालो, तूच मांड. वळण्यात गेलेली उंची, वारा, अंतर, सगळं त्याने मांडलं. आम्ही मोहोळसुद्धा ओलांडलं नसतं. बरं, मोहोळच्या आधी घरं, तारा आणि ऊस. नंतर तो काही दिवसांनी पुन्हा उडाला. चढून सपाट झाल्यावर मी काही विचारायच्या आत त्याने बोट खाली केलं. ‘‘ते, विहिरीच्या पलीकडचं.’’ पुढे तो चांगला वैमानिक झाला.

माझं मत बदललं ते मात्र दुसऱ्या एका घटनेने. ओळखीतला, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तास उडालेला एक वैमानिक धावपट्टीच्या जवळ येऊन गेला. इंजिन वाटेत बंद पडलं होतं, खाली मोकळी रानं होती, पण पट्टी दिसत होती. ती गाठायला त्याने नाक थोडं वर धरलं, मग आणखी थोडं. शेवटच्या वळणात पंखावरची हवा तुटली आणि विमान पडलं. त्याला काही येत नव्हतं असं नाही. पट्टी सोडायला त्याचं मन तयार झालं नाही. तोवर मी शिकवताना इंजिन पुन्हा सुरू करण्यावर फार भर देत असे. त्यानंतर पट्टीचा मोह सोडण्यावर देऊ लागलो.

जगातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण याच धड्याचं आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या धडकेने गेली. नियंत्रण कक्षाने दोन विमानतळ देऊ केले. कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही नाकारले आणि विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ जण वाचले. नंतरच्या चौकशीत सिम्युलेटरवर प्रयोग झाले. धडकेनंतर लगेच वळलं तर विमानतळ गाठता येत होता, पण माणसाला परिस्थिती ओळखायला लागणारे ३५ सेकंद धरल्यावर विमान पोचलं नाही. आपल्याकडच्या लहान विमानाला उड्डाणानंतर लगेच तर तेवढी उंचीही नसते.

सगळ्यांत कठीण प्रसंग उड्डाणानंतर लगेचचा. पाचशे फुटांवर इंजिन गेलं तर पट्टी अगदी पाठीशी असते, आणि वळून परत जावं असं वाटतं. पण पट्टीच्या रेषेवर परत यायला नुसते १८० अंश वळून भागत नाही, त्याहून जास्त वळावं लागतं. आणि घाईघाईने विमान कलतं करून वळलं की ज्या वेगाला हवा तुटते तो वेगही वाढतो. साठ अंशांच्या कलात तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे असेल त्यात उतरायचं. सोलापूरला उन्हाळ्यात हा हिशेब आणखी आखडतो. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास सोळाशे फूट उंच. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान पाच हजार फुटांहून उंच जागेवरून उडाल्यासारखं वागतं. चढायला जास्त वेळ, धाव लांब, आणि खाली शहर. म्हणून दुपारी उडायचंच नाही, हा आमचा अलिखित नियम होता. उड्डाणापूर्वी पट्टीच्या तोंडाशी उभं राहून मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचो : पाचशे फुटांखाली बंद पडलं तर मी वळणार नाही, या दिशेच्या रानात जाणार. जमिनीवर घेतलेला निर्णय हवेत टिकतो. हवेत सुचलेला भरवशाचा नसतो.

इंजिनं का बंद पडतात याची उत्तरं बहुतेक वेळा कंटाळवाणी असतात. त्या व्हॉल्व्हसारखा धातूचा दगा विरळा. जास्त करून पेट्रोलच. संपलेलं, पाणी मिसळलेलं, किंवा एका टाकीत भरपूर असताना कॉक रिकाम्या टाकीवर राहिलेला. सेस्ना १७२ ला डावी, उजवी आणि दोन्ही अशा जागा असतात. काही विमानांना ‘दोन्ही’ ही जागाच नसते, वैमानिकाने आठवणीने बदलायचं. पावसात उघड्यावर उभं राहिलेलं विमान सकाळी घेतलं की पंखाखालच्या झडपेतून काचेच्या पेल्यात पेट्रोल काढायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. एका सकाळी पेल्याच्या तळाशी रंग नसलेला थेंब हलताना दिसला. दुसऱ्यांदा काढलं, तरी तेच. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं. सबंध सकाळ टाक्या रिकाम्या करण्यात गेली. विमानमालक वैतागले, विद्यार्थी हिरमुसला. तो थेंब कार्ब्युरेटरपर्यंत उड्डाणाच्या वेळी पोचला असता तर वर सांगितलेल्या पाचशे फुटांचा प्रसंग उभा राहिला असता.

दुसरं कारण आपल्या उन्हाच्या मुलखात कोणाला खरं वाटत नाही : बर्फ. बाहेर २५ अंश असले आणि हवेत ओल असली, तरी कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा इतकी थंड होते की तिथे बर्फ साचतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पावसाच्या उघडिपीत भीमेच्या काठाने ताकद कमी करून उतरत असताना हे हमखास व्हायचं. कार्ब हीट ओढली की वितळलेलं पाणी आत जातं आणि इंजिन आधी जास्तच खोकतं. नवशिक्याला वाटतं आपण बिघडवलं, आणि तो दांडी परत ढकलतो. थोडा वेळ धीर धरला की इंजिन साफ होऊन गुळगुळीत चालतं. त्या खोकल्याच्या काळात काही न करता बसणं, हे शिकवायला सगळ्यांत अवघड.

तिसरं, प्लग. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. उन्हात पट्टीवर बराच वेळ इंजिन सावकाश चालू ठेवलं की ते प्लगवर बसतं. म्हणून उडण्यापूर्वी सतराशे फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती उतरतात ते बघायचं. मर्यादेबाहेर उतरल्या की परत फिरायचं. प्लगची गोष्ट निघाली की मी मुलांना १९३० ची शर्यत सांगतो. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांचं बक्षीस होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनीअर उलट बाजूने येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी प्लग नाहीत म्हणून अडकून बसले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले, आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. शर्यत हरेन पण समोरच्याला खराब प्लगवर वाळवंटावरून पाठवणार नाही, ही रीत आमच्या धंद्यात टिकावी असं मला फार वाटतं. एखाद्याने ‘इंजिन बरोबर वाटत नाही’ म्हणून उड्डाण रद्द केलं, तर त्याला हसणारा माणूस मी कधी सहन केला नाही.

वाचण्याचं गणित शेवटी वेगाचं आहे. ताशी ऐंशी किलोमीटरने आलेलं विमान तीनेक मीटर घसरत एकसारखं थांबलं, तर पट्टा बांधलेला माणूस तो झटका सोसू शकतो. वेग दुप्पट केला की त्याच झटक्यासाठी चौपट अंतर लागतं. म्हणून विमानाचं चाक, पंख, नाक, जे मोडायचं ते मोडू द्यायचं, पण वारा तोंडावर घेऊन, शक्य तितक्या कमी वेगाने, सरळ, आणि ताब्यात असताना टेकायचं. दोन झाडांमधून जाऊन दोन्ही पंख घालवले आणि माणूस चालत बाहेर आला, तर ते उत्तम उतरणं.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक सेस्ना १५२ शेतात आलं. बारामतीहून एकटीच उडालेली शिकाऊ वैमानिक मुलगी आत होती. इंजिनाची ताकद गेली होती. ती जखमी झाली, पण वाचली. गावकरी धावत गेले. पुढच्या वर्षी, ३० मे २०२३ ला, बेळगावजवळ होन्निहाळच्या शिवारात सांबरा विमानतळावरचं शिकाऊ विमान असंच उतरलं, आतले दोघेही वाचले. बातम्या वाचताना मी दोन्ही वेळा आधी महिना पाहिला. जुलैत रान भुसभुशीत, मेअखेर नांगरलेलं. दोन्ही अवघड. लोक ‘विमान कोसळलं’ म्हणतात. मी म्हणतो, माणसं घरी गेली.

आता आपल्या सोलापूरच्या धावपट्टीवर वर्दळ वाढते आहे. उड्डाणांना अडथळा ठरलेली जवळच्या साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. आसपासच्या जिल्ह्यांत शिकाऊ विमानंही उडताहेत. त्यामुळे आपल्यापैकी एखाद्याच्या रानात कधी तरी लहान विमान उतरू शकतं. तसं झालं तर ११२ ला फोन करा. बिडी, काडी, गाडीचं इंजिन, काहीही जवळ पेटवू नका. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या समोर जाऊ नका आणि त्याला हात लावू नका. माणूस स्वतः बाहेर येत असेल तर त्याला येऊ द्या, आग नसेल तर मान-पाठ दुखावलेल्याला ओढून काढू नका. तुकडे उचलून घरी नेऊ नका, कारण त्यांच्यावरूनच पुढचा अपघात टळतो. आणि बघायला आलात तर बांधावरच थांबा. पीक त्या शेतकऱ्याचं आहे.